गाणे कोणाचे आणि कॅसेट कोणाची?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरच्या माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली उतरला. पनवेल तालुक्यातल्या बहुतेक आगरी घरांत असा डबा असतोच. सातबाराचे उतारे, साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी केलेल्या अर्जांच्या प्रती, कोर्टाच्या तारखांचे कागद असा सगळा ऐवज त्यात असतो, आणि घरातल्या कोणालाच तो नीट वाचता येत नाही. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे डबा उघडला की वाचनाचे काम आपोआप माझ्याकडे येते. या खेपेस कागदांच्या तळाशी एक कॅसेट सापडली, आणि कॅसेटच्या डबीत चार घड्या घातलेला एक इंग्रजी कागद. प्रस्तुत लेख म्हणजे त्या एका कागदाचा अर्थ लावण्याची माझी खटपट आहे.

आधी कॅसेटविषयी सांगते. माझे काका हळदीच्या गाण्यांचे पथक चालवीत. बेंजो, ढोलकी, खंजिरी आणि मागे म्हणायला चार माणसे. १९९७ साली मुंबईच्या एका कॅसेट कंपनीने त्यांना बोलावले. बरोबर माझी आजी होती, कारण आजी धवलारीण. ज्यांना हा शब्द अपरिचित असेल त्यांच्यासाठी सांगते : आगरी आणि कोळी लग्नांत प्रत्येक विधीच्या वेळी त्या त्या विधीचा धवला गाण्याचा मान धवलारणीचा असतो. धवल्याशिवाय हळद लागत नाही. आमच्याकडे कित्येक लग्ने भटजींवाचून, केवळ धवलारणीच्या तोंडून लागलेली आहेत. या सगळ्या मंडळींनी एका दिवसात सहा गाणी म्हटली, रात्री शेवटच्या गाडीने परत आली आणि एकूण पाच हजार रुपये घेऊन आली. चौदा जणांत ते वाटले गेले.

कॅसेटच्या वेष्टनावर नऊवारीतल्या एका हसऱ्या मुलीचे चित्र आहे. ती कोण, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. कंपनीचे नाव ठसठशीत आहे. काकांचे नाव आहे, पण आडनाव चुकले आहे. आजीचे नाव कोठेही नाही. दोन गाण्यांच्या पुढे ‘पारंपरिक’ एवढाच शब्द छापला आहे. ती दोन गाणी आजीची.

कॅसेट वाजवायला यंत्र मिळेना. शेवटी पनवेलच्या बाजारातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ते मिळाले. दुकानदाराने गाणी मोबाईलवर उतरवून दिली. मी हौसेने जुने फोटो जोडून त्यातले एक गाणे व्हिडिओच्या एका माध्यमावर चढवले. पुढे महिन्याभरात चुलत बहिणीची हळद होती. तिथे आजीने प्रत्यक्ष म्हटलेला धवला मी स्वतः मोबाईलवर मुद्रित केला आणि तोही चढवला. दोन्ही व्हिडिओंवर सूचना आली : यातील ध्वनी अमुक कंपनीच्या मालकीचा आहे, यावर जाहिरात लागल्यास तिचे उत्पन्न त्या कंपनीस जाईल.

कंपनीचे नावही वेगळेच होते. मूळ कंपनीने आपली गाणी मधल्या काळात दुसऱ्या कोणाला विकली असावीत. मला अतिशय राग आला. आजीचा आवाज, आजीच्या आईकडून आलेले गाणे, माझा मोबाईल, आमचे अंगण. मग मालक हे कोण? मी आमच्या राज्यशास्त्राच्या सरांकडे गेले. सरांनी शांतपणे विचारले, “दोन व्हिडिओ आहेत ना? मग राग दोन्हींवर सारखाच का?” आणि ग्रंथालयातून प्रताधिकार अधिनियम, १९५७, याची प्रत काढून दिली. आपण ज्याला कॉपीराइट म्हणतो त्याचे सरकारी मराठी नाव प्रताधिकार. पहिले चार दिवस मला त्यातले एक वाक्य धड लागले नाही.

जे लागले ते मी आमच्या भागाच्या भाषेत मांडते. जमिनीच्या बाबतीत राबणारा एक आणि सातबारावर नाव दुसऱ्याचे, हा प्रकार आपल्या आजोबा-पणजोबांनी पुष्कळ पाहिला आहे. गाण्याचेही तसेच असते. फरक इतकाच, की एका गाण्याला एक सातबारा नसतो, निदान तीन असतात. शब्दांचा एक, चालीचा दुसरा, आणि ते गाणे ज्या तबकडीवर, फितीवर किंवा आता फाइलमध्ये मुद्रित झाले त्या मुद्रणाचा तिसरा. शब्दांचा पहिला मालक कवी, चालीचा संगीतकार. मुद्रणाचा मालक मात्र गायक नव्हे, वादक नव्हे, ध्वनिमुद्रकही नव्हे. कायदा म्हणतो, ते मुद्रण घडवून आणण्यासाठी ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी पत्करली तो निर्माता, आणि तोच मालक. रेकॉर्ड कंपनी म्हणजे मूलतः हा तिसरा सातबारा गोळा करणारी पेढी होय. बाकीची तिची सगळी कामे, म्हणजे कलावंत शोधणे, स्टुडिओ घेणे, माल तयार करून दुकानांत पोचवणे, जाहिरात, वसुली, या एका मालकीभोवती फिरतात.

एक उदाहरण घेऊ. गीतरामायण सर्वांच्या परिचयाचे आहे. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली ते वर्षभर आठवड्याला एक या क्रमाने प्रसारित झाले. त्या वेळी वेगवेगळ्या भूमिकांना वेगवेगळे गायक होते. पुढे हीच गीते एच.एम.व्ही.ने एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजात काढली, आणि घरोघरी पोचली ती बहुधा हीच. गाणे तेच, मुद्रणे दोन. आणि दोन्ही मुद्रणांची मालकी वेगळी. शब्दांचा हक्क मात्र दोन्ही वेळी कवीकडूनच घ्यावा लागतो. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात वारले. कवीच्या हयातीनंतर साठ वर्षे हक्क टिकतो, म्हणजे तो २०३७ च्या अखेरपर्यंत चालेल. मुद्रणाची साठ वर्षे कोणाच्या जन्ममृत्यूवरून मोजत नाहीत. ती प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. आमची कॅसेट १९९७ ची. तिच्यावरचा कंपनीचा हक्क २०५७ संपेपर्यंत राहील. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली असेन.

ही व्यवस्था अशी का झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक ग्रामोफोन कंपनीच्या वतीने १९०२ साली कलकत्त्यास आला आणि गौहरजान यांच्यासारख्या गायिकांचे आवाज त्याने मेणाच्या तबकड्यांवर घेतले. भोंग्यात तोंड घालून दोन-तीन मिनिटांत गाणे आटोपायचे. त्या मेणाच्या तबकड्या बोटीने जर्मनीत हॅनोवरला जात, तेथे त्यांच्यावरून लाखेच्या तबकड्या छापल्या जात आणि बोटीनेच परत येत. छापणाऱ्या जर्मन कामगारांना आवाज कोणाचा हे कळावे म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत, असे म्हणतात. हे वाचताना मला आमच्या कॅसेटचे वेष्टन आठवले. आजीनेही शेवटी नाव सांगून ठेवायला हवे होते!

पुढे १९०८ च्या सुमारास कलकत्त्यातच सियालदाला तबकड्यांचा कारखाना निघाला आणि नंतर तो डमडमला गेला. भोंग्यापाशी बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या या कंपनीचा बाजारावर इतका पगडा होता, की एच.एम.व्ही. हे नाव आणि रेकॉर्ड ही वस्तू लोकांच्या बोलण्यात एकच झाली. कारण सरळ आहे. तबकडी छापायला प्रचंड यंत्रसामग्री लागे. कारखाना ज्याचा, त्याच्या दारी गायकाने जायचे. मुंबईला ‘यंग इंडिया’सारखी देशी छापाची रेकॉर्ड निघत होती, पण या पगड्यापुढे ती टिकू शकली नाही.

कारखान्याच्या दारावर जो माणूस उभा असतो त्याला फार महत्त्व येते. मराठीत अशा माणसाची गोष्ट सांगायची तर गो. ना. जोशी यांची. हे नागपूरचे वकील, स्वतः भावगीतगायक, पुढे एच.एम.व्ही.त ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि थोरथोर गवयांना त्यांनी तबकडीवर आणले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक आहे. तासभर चालणारा राग साडेतीन मिनिटांत बसवायला बुजुर्ग गवयाला राजी करणे हे काय काम असेल, याची आज कल्पना करवत नाही. कोणते गाणे निघणार, किती वेळाचे निघणार, कोणाच्या आवाजात निघणार, हे असे ठरे. आमच्याच समाजाचे उदाहरण पाहा. महाराष्ट्राला माहीत असलेली कोळीगीते म्हणजे शान्ता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे आवाज. गाणी अप्रतिम आहेत. मी ती ऐकत मोठी झाले. पण ती ऐकून आजी एकदा म्हणाली होती, “गानं ब्येस हाय, पन आमच्यातलं कोन हाय त्याच्यात?” त्या वेळी मला हा प्रश्न खुळचट वाटला होता.

आमच्यातले लोक ध्वनिमुद्रणात आले ते मोठ्या प्रमाणावर कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढली. आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टेपरेकॉर्डर घेऊन परतू लागली, आणि मग चित्र झपाट्याने पालटले. तबकडीला कारखाना लागे. कॅसेटच्या नकला काढायला एक खोली आणि एक यंत्र पुरे. दिल्लीत फळांच्या रसाचे दुकान असलेल्या घरातल्या गुलशनकुमार यांनी १९८३ साली टी-सीरिज सुरू केली. तिच्यासारख्या कंपन्यांनी किमती उतरवल्या, पानपट्टी आणि किराणा दुकानापर्यंत कॅसेट पोचवली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली या सगळ्या उलथापालथीवर ‘कॅसेट कल्चर’ नावाचे पुस्तक लिहिले आहे. भजने, लावण्या, भीमगीते, पोवाडे, कोळीगीते, हळदीची गाणी. ज्यांच्यासाठी कोणी तबकडी छापली नसती अशा प्रांतोप्रांतीच्या आवाजांना बाजार मिळाला. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गावोगाव पोचला त्यात कॅसेटचा वाटा मोठा आहे. चोरट्या नकलाही त्याच यंत्रावर निघत, हा भाग वेगळा.

येथे कंपन्यांची बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर लेख एकतर्फी होईल. काकांना पाच हजार मिळाले हे खरे. पण स्टुडिओचे भाडे, मिश्रण करणारा, कोऱ्या फिती, वेष्टनाची छपाई, वितरकाचे कमिशन, दुकानदाराचा नफा, आणि न खपलेला माल परत येणे, हे सर्व कंपनीच्या माथी होते. दहा कॅसेटींपैकी एखादीच चालते आणि तिच्यावर बाकीच्यांचा तोटा भरून निघतो, असे या धंद्यातली माणसे सांगतात. शिवाय कॅसेट निघाल्यावर काकांच्या पथकाला हळदीच्या सुपाऱ्या उरण-अलिबागपर्यंतच्या येऊ लागल्या. काका अजूनही म्हणतात, “कॅसेटनी मना नाव दिलं.” त्यांना फसवले गेले असे ते मानतच नाहीत. मी आग्रहाने मुद्दा मांडू लागले की ते उठून बाहेर जातात.

हा वाद नवा नाही. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांनाही रेकॉर्डच्या विक्रीवर रॉयल्टी, म्हणजे स्वामित्वधन मिळावे असा आग्रह धरला. महंमद रफी यांचे मत पडले की गायकाला ठरलेले मानधन मिळाले, तेथे त्याचा संबंध संपला. या मतभेदातून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले होते. आमचे काका रफींच्या पंथातले. मी लताबाईंच्या.

त्या काळच्या कायद्यात गायकाला म्हणून काहीच स्थान नव्हते, हे वाचून मी थक्क झाले. गाणे ज्याच्या गळ्यातून निघते त्याचा हक्क भारतीय कायद्याने प्रथम मान्य केला तो १९९४ च्या दुरुस्तीने. पुढे २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यासाठी कवी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हिरिरीने बाजू मांडली होती. तिने ठरवले की कवी आणि संगीतकार यांनी हक्क विकले तरी स्वामित्वधनातला त्यांचा वाटा त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही. आणि सादरकर्त्यालाही व्यापारी उपयोगावर स्वामित्वधन मिळावे, तसेच सादरकर्ता म्हणून त्याचे नाव दिले जावे. नाव दिले जाणे हा हक्क आहे, हे मी आजीला सांगितले. ती म्हणाली, “आता सांगतंस?” कायदा कॅसेटनंतर पंधरा वर्षांनी आला, याला माझा इलाज नव्हता.

आता पैसा कोणत्या वाटेने फिरतो ते पाहू. कॅसेट विकली की एकदाच पैसे येत. पण गाणे रेडिओवर लागते, हॉटेलात वाजते, लग्नाच्या हॉलमध्ये वाजते, चित्रपटात वापरले जाते, मोबाईलवर ऐकले जाते. प्रत्येक वेळी मुद्रणाचे पैसे वेगळे आणि शब्द-चालीचे वेगळे. एकट्या कवीने गावोगाव हिंडून वसुली करणे अशक्य, म्हणून संस्था असतात. कवी, संगीतकार आणि प्रकाशक यांची आय.पी.आर.एस. ही संस्था १९६९ पासून आहे. रेकॉर्ड कंपन्यांची पी.पी.एल. त्याहून जुनी, १९४१ ची. दोन संस्था का, असा प्रश्न मला प्रथम पडला होता. उत्तर अर्थातच सातबारे निराळे म्हणून.

जुन्या गाण्यांचे मोल त्यामुळेच संपत नाही. एच.एम.व्ही.ची ग्रामोफोन कंपनी ऐंशीच्या दशकात इंग्रजांकडून गोयंका समूहाकडे आली आणि २००० साली तिचे नाव सारेगामा झाले. तिने २०१७ साली ‘कारवां’ नावाचा रेडिओसारखा दिसणारा डबा काढला. आत पाच हजार जुनी गाणी भरलेली. आमच्या गल्लीत तीन घरांत तो आहे. तबकड्या गेल्या, कॅसेटी गेल्या, सीडीही गेल्या. पण मालकीचा कागद ज्याच्याकडे राहिला त्याला त्याच गाण्यांचे भाडे नव्याने येतच राहिले. रेकॉर्ड कंपनीची खरी मिळकत काय असते हे मला या डब्यावरून कळले. काकांच्या कंपनीची गाणी दुसऱ्याने का विकत घेतली असतील, हेही तेव्हाच उमगले.

इतके वाचून झाल्यावर मी पुन्हा आपले दोन व्हिडिओ समोर घेतले. सरांचा प्रश्न आता समजला. पहिला व्हिडिओ म्हणजे कॅसेटचीच नक्कल. मुद्रण कंपनीचे, तेव्हा मुद्रणापुरता तिचा दावा रास्त आहे आणि माझा राग चुकीचा. आजीचा आवाज असला तरी ती फीत आमची नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण ते खरे आहे. दुसरा व्हिडिओ निराळा. धवला पारंपरिक, त्याच्या शब्दांवर आणि चालीवर कोणाचाही हक्क नाही. मराठीच्या बाईंनी यात एक भर घातली. मराठीतली आद्य कवयित्री समजली जाणारी महदाइसा, तिने तेराव्या शतकात रचले ते विवाहप्रसंगी गायचे धवळेच होते. म्हणजे आजी ज्या प्रकारचे गाणे म्हणते ते मराठी साहित्याच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात आहे, आणि मी ते परीक्षेसाठी पाठ केले तरी आजीशी त्याचा संबंध मला कधी जोडता आला नव्हता. असे गाणे कोणा कंपनीच्या मालकीचे होऊ शकत नाही. तिने केलेले मुद्रण तेवढे तिचे. अंगणातले मुद्रण नवे होते. मग दावा आला कसा? तर कंपन्या आपली मुद्रणे त्या माध्यमाकडे देऊन ठेवतात, संगणक प्रत्येक ध्वनीचा अंगठ्याच्या ठशासारखा ठसा घेतो आणि नवीन आलेल्या प्रत्येक व्हिडिओशी ताडून पाहतो. तोच धवला, तोच गळा, तीच लय, यंत्र फसले. यंत्राला परंपरा कळत नाही.

मी हरकत नोंदवली. चार वाक्ये इंग्रजीत लिहायला मला दोन दिवस लागले. गाणे पारंपरिक, गाणारी माझी आजी, मुद्रण मी अमुक तारखेस स्वतः केले, आपल्या मुद्रणातला कोणताही भाग यात नाही. दावेदाराने ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे लागते. तीन आठवड्यांनी दावा मागे घेतल्याची सूचना आली. कारण, खेद, काही नाही, एक ओळ.

राहिला तो चार घड्यांचा कागद. एका पानाचा करार. पाच हजार मिळाले, सहा गाण्यांचे ‘सर्व हक्क’ कंपनीस दिले, खाली काकांची सही. मी विचारले, वाचले नव्हते का? काका म्हणाले, “मना काय ठाव गो बाय? सही कर बोल्ले, केली.” पण कागदात एक गंमत आहे. मुदत या शब्दापुढे टिंबटिंब आहे आणि त्या टिंबांवर कोणी काही लिहिलेले नाही. कारकुनाने घाईत सोडून दिले असावे. कायद्याचे एकोणिसावे कलम सांगते, की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजावी. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीची, आणि करार १९९७ चा. सहांपैकी चार गाण्यांचे शब्द काकांनी स्वतः रचलेले होते. म्हणजे मुद्रण कंपनीचे राहिले, तरी चार गाण्यांच्या शब्दांचा हक्क २००२ सालीच काकांकडे परत आला, आणि दोन तपे तो कोणी न विचारता पडून राहिला! सरांनी आपल्या एका वकील मित्राला कागद दाखवून खात्री करून घेतली. काका आपली ती गाणी आज कोठेही, कोणाही बरोबर नव्याने मुद्रित करू शकतात; कोणाची परवानगी नको. आय.पी.आर.एस.च्या सभासदत्वाचा अर्जही मी त्यांच्या वतीने भरला आहे. आडनाव नीट लिहिले आहे ना, हे त्यांनी दोनदा विचारले.

यानंतर मात्र एक अडचणीची गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी पत्करली तो निर्माता, असे कायदा म्हणतो. अंगणात मोबाईल धरून कोण उभे होते? मीच. म्हणजे आजीच्या धवल्याच्या त्या मुद्रणाची मालक कायद्याने मी. आजी नव्हे. ज्या कंपनीवर मी चार महिने चडफडले तिच्याच जागी मी जाऊन बसले होते, आणि व्हिडिओखाली मी कोणाचे नाव घातले होते? माझे. आजीचे नाव घालायचे मला सुचलेही नव्हते. ‘आमच्या आजीचा धवला’ असे लिहिले होते. आजीला नाव आहे हेच मी विसरले.

त्या रविवारी मी मराठीत एक करार लिहिला. आजीला तो मोठ्याने वाचून दाखवला. ती प्रत्येक वाक्याला थांबवीत होती. गायिकेचे नाव आधी येईल. उत्पन्न झाल्यास निम्मे तिचे, पाव काकांच्या पथकाचे, पाव माझे. गाणे पारंपरिक आहे असे लिहावे; परंतु ते कोणाकडून आले हेही लिहावे, ही अट आजीची. “गानं माजं न्हाय, माज्या आयशीचं. तिचं नाव घाल.” पणजीचे नाव आमच्या कोणत्याच कागदावर नव्हते, ते पहिल्यांदा या करारावर आले. मुदतीच्या जागी मी पाच वर्षे लिहिले. आजी म्हणाली, “पाच वर्सांनी मी नसलू त?” म्हणून एक ओळ वाढवली, की तिच्या पश्चात तिचा वाटा माझ्या दोन्ही आत्यांना जावा. आत्यांचे नाव जमिनीच्या कागदांवर नाही. आजीने हे मुद्दाम सांगितले की तिच्या मनात आपोआप आले, मी विचारले नाही. सही करताना तिला वेळ लागला. अंगठा चालेल म्हटले तर तिने माझ्याकडे रागाने पाहिले.

आजीला पाठ असलेल्या धवल्यांपैकी आतापर्यंत अकरा मुद्रित झाले आहेत. काही अर्धा-अर्धा तास चालतात. कॅसेटसाठी कंपनीने ते पाच मिनिटांचे करून घेतले होते आणि त्यावर बेंजो चढवला होता. आम्ही पूर्ण घेतो, नुसता गळा. मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहाला बसतो. मध्येच रस्त्यावरून डंपर जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. आजी कुरकुरत नाही. लग्नातही वरात उशिरा आली की तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणावेच लागते.